तुळिंजचे ऊन आणि ताबोची रात्र

मुंबईहून उत्तरेकडे निघालेली लोकल गाडी वसईची खाडी ओलांडून नायगावाकडे येऊ लागली, की रुळांच्या दोन्ही अंगांस मिठागरांचे चौकोन दिसू लागतात. उथळ पाण्यावर सूर्य काम करीत असतो, आणि कडेला पांढरे ढीग साठत जातात. पुढे वसई रोड, आणि त्यापुढचे स्थानक नालासोपारा. रुळांच्या पश्चिमेस सोपारा आणि पूर्वेस आमचे तुळिंज. सृष्टिसौंदर्याची वर्णने वाचावयास सरावलेल्या वाचकांची तुळिंजात निराशाच होईल. एके काळचे हे लहानसे गाव आता वसई-विरार महानगरपालिकेच्या पोटात गेले असून चाळी, इमारती, रिक्षा आणि सकाळच्या गाडीला धावणारी माणसे, एवढेच येथले दृश्य. गच्चीवर गेल्यास मात्र पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर दिसतात, आणि ऊन म्हणाल तर भरपूर, कोणाची आडकाठी न होता, सांडेपर्यंत.

या उन्हावर आमच्या घरातील बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार केला आहे. पापड, कुरडया, सांडगे, आंब्याची साटे, लोणच्याच्या फोडी हे सारे गच्चीवरच्या त्या सूर्यावर अवलंबून. आमच्या वहिनी, म्हणजे माझ्या कै. वडील बंधूंच्या पत्नी, यांना तर पाण्याच्या टाकीची सावली कोणत्या महिन्यात किती वाजता कोठवर येते, हे घड्याळाशिवाय सांगता येते. मेच्या मध्यास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तो दिवस शास्त्रज्ञांनी वर्तमानपत्रात जाहीर करण्याच्या पुष्कळ आधीपासून त्यांस ठाऊक होता. मला सांगावयाची आहे ती हकीकत याच उन्हाची आहे. पण ती घडली येथून सुमारे बावीसशे किलोमीटर दूर, जेथे हे ऊन आम्हांस पुरे पडले नाही.

वहिनींचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, विद्युत् अभियंता आहे. त्याच्या डोक्यात आले की, मोटारीवरच घर बांधावे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्याची बातमी त्याने कापून ठेवली होती. रीतसर परवानग्या काढून त्याने एका लहान मालमोटारीच्या पाठीवर खोली उभी केली. चार माणसे झोपतील एवढे फळ्यांचे बिछाने, एक ओटा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी. छपरावर प्रत्येकी २०० वॅटची दोन सौर पॅनेल आणि बसावयाच्या फळीखाली १,२८० वॅट-तास वीज साठविणारी एक लिथियमची बॅटरी. आणि या सर्वांहून नवलाची वस्तू म्हणजे डिझेलवर चालणारा एक हीटर. पेटीएवढ्या आकाराचा, आत लहानशी ज्योत, आणि ती ज्योत ज्या धातूच्या कोठीला तापविते तिच्यावरून हवा फुंकणारा पंखा. वहिनी त्यास पहिल्यापासून ‘भट्टी’च म्हणत, व मीही तोच शब्द ठेवतो.

तुळिंजात भट्टी! शेजारपाजारी हसले. जेथे पौषातही पंखा बंद करवत नाही तेथे हे ओझे कशाला? पुतण्याचे उत्तर ठरलेले होते: “आईला हिमालय दाखवायचा आहे.” वहिनींचे वय ७२. काशी झाली, रामेश्वर झाले. पण बर्फाचा डोंगर डोळ्यांनी पाहिला नव्हता. एका डोळ्याची दृष्टी अधू होत चाललेली, त्यामुळे हा विषय फार लांबविण्यासारखा नव्हता. डॉक्टरांनी छाती तपासून, हळूहळू उंची चढण्याच्या अटीवर, संमती दिली. मंडळी चार: वहिनी, पुतण्या, सूनबाई आणि मी. आमचे कुटुंब नातवंडांपाशी राहिले.

निघण्याआधी महिनाभर मोटार इमारतीच्या आवारात उभी होती, व त्या अवधीत मला सौर विजेचे पहिले धडे मिळाले. ते देणारा पुतण्या होता, हे खरे. पण पहिली चूक पकडली ती वहिनींनी. पॅनेलमधून अपेक्षेहून बरीच कमी वीज येत होती. पुतण्या तारा तपासून थकला. वहिनींनी गच्चीवरून खाली पाहिले आणि म्हणाल्या, “त्या सामानाच्या कठड्याची सावली पडते आहे रे कोपऱ्यावर.” सावली हाताच्या पंजाएवढी. एवढ्याने काय होणार, असे मला वाटले. परंतु पॅनेलमधील चकत्या माळेतील मण्यांप्रमाणे एकापुढे एक जोडलेल्या असतात. एक सावलीत गेली की तिच्यातून प्रवाह पुढे सरकत नाही, आणि तिच्या ओळीतल्या बाकीच्याही अडून राहतात. कठडा हातभर मागे सरकविताच आकडा वर चढला.

दुसरा धडा उलटा होता. मला वाटे, ऊन जितके कडक तितकी वीज अधिक. तसे नाही. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. २५ अंशांच्या वर तापमान गेले की प्रत्येक अंशामागे शेकडा सुमारे ०.४ याप्रमाणे वीज घटते. आमच्याकडे एप्रिलात पॅनेल हात लावू देत नाही. साठ-पासष्ट अंशांवर गेलेल्या काचेवर सहावा-सातवा हिस्सा वीज उगाच वाया जाते. थंड आणि निर्मळ हवेच्या प्रदेशात तेच पॅनेल अधिक इमानाने काम करते. म्हणजे यंत्रालाही हिमालयाची हवा मानवते, असे म्हणून आम्ही निश्चिंत झालो.

भाऊबीज आटोपून कार्तिक शुद्ध पंचमीस आम्ही निघालो. निघण्यापूर्वी वहिनींच्या इच्छेवरून रुळांपलीकडे सोपाऱ्यास बुरुड राजाच्या कोटापाशी गेलो. येथेच १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकलला, व त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखाचा विषय मोठा समयोचित आहे. पूर्वीचे राजे मृगयेसाठी व करमणुकीसाठी यात्रा करीत. आपण राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी बोधिवृक्षाच्या दर्शनास गेलो व तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या, अशा आशयाचे त्यात राजाने सांगितले आहे. प्रवास कशासाठी करावा, याविषयीचा हा लेख आमच्या दाराशी निघावा, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. आणखी एक: नहपानाचा जावई उषवदात याने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे वाटसरूंसाठी चौसोपी विश्रांतिगृहे बांधल्याचे नाशिकच्या लेण्यात कोरलेले आहे. म्हणजे आमच्या सोपाऱ्यात सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीही परक्या माणसाच्या निवाऱ्याची काळजी वाहणारा कोणी होता. आम्ही मात्र आपली धर्मशाळा पाठीवर घेऊन चाललो होतो!

गुजरात, राजस्थान, दिल्ली यांविषयी लिहीत नाही; त्या मार्गाची वर्णने पुष्कळ आहेत, आणि महामार्गाच्या कडेला उभ्या केलेल्या मोटारीत झोपताना एक गाव दुसऱ्यासारखेच असते. एवढेच नमूद करतो की या साऱ्या मैदानी प्रदेशात आमची वीज कधी संपली नाही. दुपारी बारा-एकलाच बॅटरी भरे, व पुढचे ऊन फुकट जाई. शिवाय मोटार चालू असता इंजिनाकडूनही बॅटरीस वीज मिळे. मनुष्य अशा सुबत्तेने बिघडतो. आमच्यात तो बिघडलेला मनुष्य मी होतो. सूनबाईने पाणी तापविण्यासाठी एक विजेची किटली बरोबर घेतली होती. गॅस पेटविणे, पातेले ठेवणे, धुणे, या सर्वांतून सुटका! उदयपुरापासून माझ्या दाढीचे पाणी त्या किटलीत तापू लागले.

सिमल्यापुढे सतलजचे खोरे धरून रामपूर, व तेथून किन्नरात. कल्पा हे गाव जवळजवळ तीन हजार मीटर उंचीवर आहे. तेथे डॉक्टरांच्या अटीप्रमाणे दोन रात्री मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी पहाटे किन्नर कैलासाच्या शिखरांवर पहिला किरण आला, त्या वेळी वहिनी शाल घट्ट लपेटून मोटारीच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी हात जोडले नाहीत, काही बोलल्याही नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “एवढं पांढरं असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.” भट्टी तेथे प्रथम खऱ्या अर्थाने कामास आली. रात्री बाहेर शून्याच्या जवळ, आत १८ अंश. शेजाऱ्यांच्या हसण्याची परतफेड झाली.

पण याच ठिकाणी पुतण्याने मला भट्टीची अंतर्गत रचना समजावून दिली, आणि ती मी तेव्हा नीट ऐकली असती तर पुढला प्रसंग टळता. भट्टी डिझेलवर चालते, हे अर्धेच खरे. मंद चालीवर ती तासाला एक दशांश लिटरच्या आसपास डिझेल पिते, ते थोडे. परंतु ज्योत पेटविण्यासाठी आधी एक तार लाल होईपर्यंत तापवावी लागते, त्यास वीज लागते. मग तेल पुढे ढकलणारा लहान पंप, आणि अखंड फिरणारा पंखा, यांस सरासरी २५ वॅट. वीज संपली की टाकीत तेल तुडुंब असूनही भट्टी थंड. याच्या उलट अंगाने पाहा. लिथियमच्या बॅटरीचा एक स्वभाव असा की, ती शून्य अंशाखाली गारठली असता तिच्यात वीज भरता येत नाही; भरल्यास तिचे कायमचे नुकसान होते, म्हणून तिच्यातील रक्षक यंत्र वीज आत घेण्याचेच नाकारते. वर सूर्य तळपत असला तरी! म्हणजे सूर्याने बॅटरी भरावी, बॅटरीने भट्टी चालवावी, आणि भट्टीने बॅटरीस ऊब द्यावी, तेव्हा कोठे ती सूर्याचे दान पुन्हा स्वीकारणार. नैयायिक ज्याला अन्योन्याश्रय म्हणतात तो हा. पुतण्याने बॅटरी बाहेरच्या पेटीत न ठेवता आतल्या फळीखाली का ठेविली, याचा उलगडा मला तेथे झाला.

कल्प्याहून खाब येथे सतलज आणि स्पिती यांचा संगम लागतो. तेथून रस्ता उजाड, तपकिरी डोंगरांच्या कुशीतून नाको गावाकडे चढतो आणि पुन्हा खाली उतरून ताबोस येतो. त्रयोदशीच्या संध्याकाळी आम्ही पोहोचलो. ताबो ३,२८० मीटरांवर. येथील हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांश. माणसास धाप लागते, तशी ज्योतीसही लागते. तेल तेवढेच व प्राणवायू कमी, मग काजळी धरते. पुतण्याने पंपाची चाल कमी करून ठेविली. वहिनींचा श्वास किंचित जलद होता, बाकी प्रकृती उत्तम. गावापासून खाली, नदीच्या बाजूस, मोकळ्या सपाटीवर मोटार उभी केली. पॅनेलवर कशाची सावली नको, हा त्यातील हेतू. घरे तेथून चढणीने दहा मिनिटांवर.

ताबोचा मठ इसवी सन ९९६ मधला. १९९६ साली त्यास हजार वर्षे झाली, त्या वेळी दलाई लामांनी येथे कालचक्राचा विधी केला. बाहेरून पाहाल तर मातीच्या जाड, बुटक्या भिंती; आपल्याकडील एखाद्या जुन्या कोठाराहून निराळे काही दिसत नाही. आत गेल्यावर मात्र डोळे अंधाराला सरावता सरावता भिंतींतून एकेक मूर्ती पुढे येऊ लागते. रंगविलेल्या मातीच्या त्या मूर्ती आपल्या आसनांवरून जणू अधांतरी बसल्या आहेत. भित्तिचित्रांमुळे या मठास हिमालयातले अजिंठे म्हणतात. वहिनी एका कोपऱ्यात तासभर बसल्या. बाहेर आल्यावर त्यांनी विचारले, “हे अशोकाचेच लोक ना?” इतिहासाच्या दृष्टीने उत्तर लांबलचक द्यावे लागले असते, मी होय म्हटले.

चतुर्दशीस सकाळीच आभाळ भरून आले होते. पौर्णिमेसही तसेच. बर्फ पडले नाही, पण सूर्य दिसला नाही. आधीच नोव्हेंबरचा मध्य. या दिवसांत तुळिंजात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजावर सुमारे ५२ अंश चढतो, तर ताबोत ३९. त्यात डोंगरांच्या भिंतींमुळे तो उशिरा उगवतो आणि लवकर मावळतो. आमच्या घरी एरवी जे पॅनेल १,४०० वॅट-तास देई, त्याने त्या दोन दिवसांत मिळून ५०० दिले. पुतण्याने दिवे कमी केले, सर्वांस सूचना दिली. मी मान हलविली.

आता माझा अपराध. गॅसचे सिलिंडर बाहेरच्या कप्प्यात होते. त्यातील ब्यूटेन शून्य अंशाच्या सुमारास वायुरूप होण्याचे नाकारते, त्यामुळे शेगडीची ज्योत मेणबत्तीसारखी मिणमिणू लागली होती. चतुर्दशीस दाढी करावयाची होती. पाणी तापेना, म्हणून कोणी पाहत नाही असे पाहून किटली लावली. पौर्णिमेस तर कार्तिकस्नानाची समाप्ती! महिनाभराचा नियम, त्या दिवशी कोमट पाण्याने निदान हातपाय तरी धुवावेत, म्हणून पुन्हा किटली. दोन्ही वेळा मिळून पंधरा-वीस मिनिटे. भट्टी रात्रभर चालते, त्या मानाने ही पंधरा मिनिटे म्हणजे समुद्रातून तांब्याभर पाणी, असे माझे गणित.

संध्याकाळी वहिनींनी पायरीबाहेर दगडांच्या आडोशास त्रिपुरवात लावली. वारा असूनही ती बराच वेळ जळली. चंद्र ढगांआड होता, पण ढगांमागून खोरे उजळले होते. मग दार लावून आम्ही झोपलो.

मला जाग आली ती शांततेने. पंख्याची घरघर थांबली होती. घड्याळात चार वाजलेले. बाहेर उणे ८, आत १३, आणि तो आकडा डोळ्यांदेखत उतरत होता. पत्र्याची खोली ती, मातीची नव्हे. पुतण्या उठून बसला होता. बॅटरी रिकामी. इंजिन चालू करून वीज घ्यावी, तर थंडीने मोटारीची स्वतःची बॅटरीही मरगळलेली. दोनतीनदा नुसता कण्हल्यासारखा आवाज झाला, इंजिन फिरले नाही. साडेपाच वाजता आत ६ अंश. वहिनी जाग्या होत्या, बोलत नव्हत्या. त्यांचे ओठ मला त्या अंधुक प्रकाशात निळसर वाटले. खरोखर होते की भीतीने वाटले, देव जाणे. वडील बंधूंच्या पश्चात या बाईला आपण येथवर आणली, आणि आता काय, हा विचार मनात आला तो मी पुरा होऊ दिला नाही.

सामानात कोळशांची एक लहान लोखंडी शेगडी होती. वाटेत कणसे भाजण्यास घेतलेली. मी म्हणालो, “ती पेटवू. दार लावून घेऊ, पाच मिनिटांत ऊब येईल.”

“नाही, काका,” पुतण्या म्हणाला.

मी पुन्हा सांगितले, जरा चढ्या आवाजात. आमच्या घरात वडील माणसाचा शब्द धाकट्याने तोंडावर मोडण्याची रीत नाही. तो उठला, शेगडी उचलली, आणि दार उघडून बाहेर फेकल्यासारखी ठेवली. “नाही म्हणजे नाही. सकाळी आपण कोणी उठणार नाही.”

तो म्हणत होता ते अक्षरशः खरे होते. बंद खोलीतल्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील प्राणवायू वाहणारे द्रव्य प्राणवायूपेक्षा त्याच्याशी दोनशेपट अधिक ओढीने जखडले जाते, आणि मनुष्यास गुदमरल्यासारखेही न वाटता झोपेतच शेवट होतो. उत्तर हिंदुस्थानात थंडीच्या दिवसांत अशा शेगड्यांनी घरेच्या घरे निजलेली राहिल्याच्या बातम्या आपण वाचतो. भट्टी ज्योतीसाठी हवा बाहेरून घेते व धूर नळीने बाहेरच सोडते, म्हणून ती सुरक्षित. शेगडी मात्र आपण श्वास घेतो तीच हवा खाते. मला हे सर्व ठाऊक होते. थंडीत आणि भीतीत ठाऊक असलेले कामास येत नाही.

“तो बरोबर सांगतो आहे, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. मग त्या उठल्या, आणि पुढची व्यवस्था त्यांनीच केली. दोन दुलया खिळ्यांना अडकवून मागचा अर्धा भाग पडद्यासारखा बंद केला. “एवढी मोठी खोली कशाला तापवायची?” सूनबाईने खिडकी फटभर उघडी ठेवून त्या मिणमिणत्या गॅसवर पातेलेभर पाणी कोमट करून रबराच्या पिशवीत भरले, गॅस बंद केला, खिडकी लावली. ती पिशवी वहिनींच्या पायांशी. आणि त्या आडोशात आम्ही चौघे एकमेकांस लागून, उरलेली सर्व पांघरुणे एकत्र करून बसलो. सासू, सून, दीर, मुलगा! तुळिंजच्या घरात ज्यांनी कधी एका सतरंजीवर इतके जवळ बसण्याचा प्रसंग आला नसेल, ती माणसे घरट्यातल्या पिलांसारखी. वहिनींनी विष्णुसहस्रनाम सुरू केले. त्यांचा श्वास मध्येच तुटे, पुन्हा सुरू होई. मी नामे मोजीत नव्हतो. श्वास मोजीत होतो.

सात वाजता पुरते उजाडले. आकाश स्वच्छ होते. पुतण्या चढ चढून गावात गेला, व एका घरच्या दोन बायका आणि एक तरुण यांस घेऊन आला. त्यांनी वहिनींना हात धरून, थांबत थांबत, आपल्या घरी नेले. मातीच्या जाड भिंती, दक्षिणेकडे खिडक्या, आणि मधल्या खोलीत लोखंडी चूल. तिचे धुराडे थेट छपरातून बाहेर. थंडीचे चार-पाच महिने सारे कुटुंब या एका खोलीत राहते. स्वयंपाक, निजणे, विणकाम, मुलांचा अभ्यास, सर्व तेथेच. बाकीच्या खोल्या बंद. वहिनींनी चुलीजवळ बसून चहा घेतला, रंग परत आला, आणि पहिले वाक्य बोलल्या ते असे: “हिला पंखा लागत नाही.”

इकडे मी आणि पुतण्या मोटारीपाशी परतलो. पॅनेलवर रात्रीचे हिमकण गोठून पांढरा थर बसला होता. तो मऊ फडक्याने हळूहळू पुसला. डोंगरामागून सूर्य वर येण्यास नऊ वाजले. पुतण्याने पॅनेलची दक्षिणेकडील कड उतरती करून दुसरी बाजू ठोकळ्यांवर उचलली. खालून येणाऱ्या सूर्याला ती सामोरी झाली. आकडा भराभर चढला: १००, २००, आणि अकराच्या सुमारास ३८०. आमच्या तुळिंजच्या रणरणत्या दुपारीही मी एवढा कधी पाहिला नव्हता. थंडी आणि ऊन एकत्र आले, की पॅनेल असे चालते. बॅटरी फळीखाली ४ अंशांवर तग धरून होती, म्हणून तिने वीज घेतली. आणखी चारपाच अंश उतरली असती तर ते सर्व ऊन आम्ही नुसते पाहत बसलो असतो.

दुपारी वहिनींनी वही मागितली. घरखर्चाची वही त्या पन्नास वर्षे लिहीत आल्या आहेत. पुतण्याकडून एकेक आकडा घेऊन त्यांनी विजेची जमा एका बाजूस व खर्च दुसऱ्या बाजूस मांडला. भट्टी, दिवे, पाण्याचा पंप, फोन. बेरीज जमेना, ३०० वॅट-तास कोठे गेले, कळेना. पुतण्या बॅटरीस दोष देऊ लागला. तेव्हा मला तोंड उघडणे भाग पडले. एका किटलीचे १५०. दोन किटल्यांचे ३००. पंख्याच्या २५ वॅटने भागिले तर बारा तास. भट्टी बंद पडली तेव्हा ऊन यावयास पाच तास उरले होते.

कोणी काही बोलले नाही. सूनबाई उगाच पातेली आवरू लागली. मी पुतण्याकडे पाहून म्हणालो, “शेगडीचे तूच खरे केलेस,” आणि एवढे म्हणावयास मला बराच प्रयास पडला. तो म्हणाला, “काका, चहा घ्या.”

आणखी दोन दिवस आम्ही ताबोस राहिलो; मोटार दिवसा उन्हात, माणसे रात्री त्या मातीच्या घरात. घरच्यांनी भाडे घेतले, ते योग्यच. पण निघताना वाळविलेल्या जर्दाळूंची पुरचुंडी दिली, तिचे पैसे घेतले नाहीत. त्या घराच्या छपरावरही जर्दाळू वाळत घालण्याची जागा होती. वहिनींनी ती नीट पाहून घेतली, आणि सावली कोठून येते हेही विचारले. भाषा कळत नव्हती, दोघींनी हातांनीच बोलून घेतले.

परत तुळिंजास आल्यावर भट्टी कापडात गुंडाळून ठेवली आहे. मोटार आवारात उभी असते, आणि वीज गेली की इमारतीतली मुले तिच्यात पंख्याखाली अभ्यासास जाऊन बसतात. पुतण्या पुढल्या वर्षी लडाखचे बोलतो आहे. तेथील थंडीत साधे डिझेल गोठून घट्ट होते, म्हणून इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे निराळे डिझेल काढले, ही माहिती त्याने मिळविली आहे. दुसरी बॅटरीही बसविणार आहे. वहिनींची हरकत नाही. त्यांनी वहीत विजेच्या जमाखर्चासाठी निराळी पाने आखून घेतली आहेत. किटली मात्र त्यांच्या कपाटात कुलुपात आहे, आणि ती मागण्याचे धैर्य मला अद्याप झालेले नाही.